शेख अंता दियोप

शेख अंता दियोप (जन्म : २९ डिसेंबर १९२३, चेयतू, सेनेगल, मृत्यू : ७ फेब्रुवारी १९८६, डाकार) हे सेनेगलचे इतिहासकार, भौतिकशास्त्राचे अभ्यासक, भाषाविचारक आणि राजकीय नेते होते. प्राचीन इजिप्तची संस्कृती ही आफ्रिकेतील कृष्णवर्णीय समाजांची निर्मिती होती आणि आफ्रिकेचा इतिहास लिहिताना तिला उर्वरित खंडापासून तोडता येणार नाही, हा त्यांच्या लेखनाचा मुख्य सिद्धान्त होय. डाकार येथील आफ्रिकाविषयक संशोधन संस्थेत त्यांनी रेडिओकार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभारली. १९६६ मध्ये डाकारला भरलेल्या पहिल्या जागतिक कृष्णवर्णीय कला महोत्सवात, विसाव्या शतकात कृष्णवर्णीय जगाच्या विचारावर सर्वाधिक प्रभाव पाडणारे लेखक म्हणून त्यांचा व अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा संयुक्त गौरव करण्यात आला. हा सन्मान ज्या शहरात झाला त्याच शहरातील विद्यापीठात अध्यापन करण्याची संधी मात्र त्यांना १९८१ पर्यंत मिळाली नाही. मृत्यूनंतर वर्षभराने त्या विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले.

त्यांच्या आडनावाचा वोलोफ उच्चार ‘जोब’ या शब्दाच्या जवळ जातो. ‘दियोप’ हे फ्रेंच लेखनपद्धतीतून रूढ झालेले रूप असून जगभर तेच प्रचलित असल्याने येथेही तेच वापरले आहे.

बालपण आणि शिक्षण

दियोप यांचा जन्म पश्चिम सेनेगलमधील बाओल या जुन्या राज्याच्या प्रदेशात, द्युर्बेल शहराजवळील चेयतू या खेड्यात एका वोलोफभाषक मुस्लिम कुटुंबात झाला. वडील ते अगदी लहान असतानाच वारले. हा सारा भुईमुगाच्या शेतीचा टापू आहे. शेख अमादू बांबा यांनी स्थापन केलेल्या मुरीद या सूफी पंथाचा तेथे मोठा प्रभाव होता. फ्रेंच सत्तेने बांबांना दोनदा हद्दपार केले होते आणि नंतर बराच काळ द्युर्बेल येथे नजरकैदेत ठेवले होते. पंथाचे अनुयायी ही आठवण विसरले नव्हते. दियोप यांचे पहिले शिक्षण कुराण शाळेत झाले. त्यानंतर ते फ्रेंच सरकारी शाळेत गेले आणि पुढे डाकार व सेंट लुई येथे शिकले. फ्रेंच पद्धतीची बाकालोरेआ ही शालान्त परीक्षा ते १९४५ मध्ये गणित आणि तत्त्वज्ञान अशा दोन्ही शाखांत उत्तीर्ण झाले. शाळकरी वयातच त्यांनी आफ्रिकी भाषांसाठी एक लिपी तयार करण्याचा प्रयत्न केला होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पोरवयातील खटाटोप म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु पुढील चाळीस वर्षांत हा विषय त्यांनी एकदाही हातावेगळा केला नाही.

पॅरिसमधील वर्षे

१९४६ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. विमान अभियांत्रिकीकडे वळण्याच्या हेतूने त्यांनी आरंभी गणित घेतले, पण लवकरच सॉर्बोन येथे तत्त्वज्ञानाच्या वर्गांतही नाव घातले. विज्ञानाचे तत्त्वज्ञ गास्ताँ बाशलार यांच्या व्याख्यानांचा त्यांच्यावर परिणाम झाला. तत्त्वज्ञानाची पदवी त्यांनी १९४८ मध्ये मिळवली आणि त्यापाठोपाठ रसायनशास्त्राची प्रमाणपत्रेही घेतली. पुढे कॉलेज द फ्रान्समध्ये फ्रेदेरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अणुभौतिकीचे प्रशिक्षण घेतले. उदरनिर्वाहासाठी ते पॅरिसमधील माध्यमिक शाळांत भौतिक व रसायन हे विषय शिकवीत. वसाहतीतून आलेला एक तरुण राजधानीतल्या फ्रेंच मुलांना विज्ञान शिकवतो आहे आणि संध्याकाळी ग्रंथालयात हिरोडोटस व इजिप्तचे व्याकरण वाचतो आहे, असा हा काळ होता.

१९४८ मध्ये त्यांनी आफ्रिकेच्या प्रबोधनाविषयी एक लेख लिहिला. आफ्रिकी लेखकांनी युरोपीय भाषांत केलेले लेखन, ते कितीही सरस असले तरी, अखेर त्या त्या युरोपीय वाङ्मयातच जमा होते. आफ्रिकेचे प्रबोधन आफ्रिकी भाषांतूनच व्हायला हवे, असे मत त्यांनी त्यात मांडले. फ्रेंचमधून लिहिणाऱ्या आफ्रिकी कवींचा गौरव होत असतानाच्या त्या दिवसांत हे मत अनेकांना कडवट वाटले. गंमत अशी की, तो लेखही फ्रेंचमध्येच होता. वोलोफमध्ये छापून वाचणारा वर्ग तेव्हा जवळजवळ नव्हताच आणि तो तयार करणे हेच तर काम होते.

विद्यार्थी चळवळीतही ते आघाडीवर होते. आफ्रिकी लोकशाही आघाडी या पक्षाच्या पॅरिसमधील विद्यार्थी संघटनेचे ते १९५० ते १९५३ या काळात सरचिटणीस होते. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींना पूर्ण स्वातंत्र्य मिळाले पाहिजे आणि त्यांचे एक संघराज्य झाले पाहिजे, ही मागणी त्यांनी त्या वेळीच उघडपणे केली. त्यांच्या पक्षाचे ज्येष्ठ नेते तेव्हा फ्रान्सच्या चौकटीतील सुधारणांवर समाधान मानत होते. १९५३ मध्ये त्यांचा विवाह लुईझ मारी माएस या फ्रेंच विदुषीशी झाला. आफ्रिकेच्या लोकसंख्येच्या इतिहासावर पुढे त्यांनीही ग्रंथलेखन केले. या दांपत्याला चार मुलगे झाले.

पहिला ग्रंथ आणि पदवीचा प्रश्न

दियोप यांनी डॉक्टरेटसाठी इजिप्त व आफ्रिका यांच्या संबंधावर प्रबंध तयार केला होता. तो तपासण्यासाठी परीक्षक मंडळच जमेना. अखेर हे संशोधन १९५४ मध्ये ‘नासिआँ नेग्र ए क्युल्त्युर’ (कृष्णवर्णीय राष्ट्रे आणि संस्कृती) या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आलिऊन दियोप यांनी स्थापन केलेल्या ‘प्रेझाँस आफ्रिकेन’ या प्रकाशन संस्थेने ते काढले. आडनाव एकच असले तरी प्रकाशक व लेखक एका घरचे नव्हते. मार्तिनिकचे कवी एमे सेझेर यांनी या ग्रंथाच्या धाडसाची उघड प्रशंसा केली. विद्यापीठीय इजिप्तशास्त्रज्ञांनी बहुतांशी मौन पाळले.

ग्रंथाचा युक्तिवाद अनेक पदरी आहे. प्राचीन ग्रीक लेखकांनी इजिप्शियनांचे केलेले वर्णन, इजिप्शियन लोक स्वतःच्या देशासाठी वापरीत ते ‘काळा’ या अर्थाच्या धातूपासून बनलेले नाव, राजसत्तेच्या कल्पना, मातृकुलाला असलेले महत्त्व आणि प्राचीन इजिप्शियन व वोलोफ या भाषांतील शब्दसाम्ये व व्याकरणसाम्ये असे पुरावे त्यांनी एकत्र आणले. नाईलच्या खोऱ्यातील संस्कृती बाहेरून आलेल्या गोऱ्या लोकांनी घडवली, असे त्या काळातील अनेक पाठ्यपुस्तके गृहीत धरीत असत. दियोप यांनी सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यांवर टाकली. ग्रंथाच्या वोलोफविषयक भागात त्यांनी आणखी एक प्रयोग केला. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताचा सारांश, कोर्नेय या फ्रेंच नाटककाराच्या नाटकातील उतारा आणि फ्रान्सचे राष्ट्रगीत यांची भाषांतरे त्यांनी वोलोफमध्ये करून दाखवली. आफ्रिकी भाषांत अमूर्त विचार मांडता येत नाही, या समजाला वाद घालून उत्तर देण्याऐवजी त्यांनी करून दाखवण्याचा मार्ग घेतला. त्यांच्या साऱ्या लेखनातील सर्वांत टिकाऊ भाग कदाचित हाच ठरावा.

डॉक्टरेटसाठी त्यांनी नव्याने प्रबंध लिहिले. वसाहतपूर्व आफ्रिकेतील राज्यव्यवस्था आणि कृष्णवर्णीय आफ्रिकेची सांस्कृतिक एकता हे त्यांचे विषय होते. ९ जानेवारी १९६० रोजी सॉर्बोन येथे झालेल्या मौखिक परीक्षेनंतर त्यांना पदवी मिळाली. पण तिच्यावर केवळ ‘सन्माननीय’ अशी श्रेणी नोंदवण्यात आली. मराठी वाचकाला ही श्रेणी चांगली वाटेल. फ्रेंच विद्यापीठीय व्यवहारात मात्र ‘अतिसन्माननीय’ ही वरची श्रेणी नसेल तर प्राध्यापकपदाची वाट जवळजवळ बंद होत असे. या एका विशेषणाने त्यांच्या पुढील वीस वर्षांचा मार्ग ठरवला.

डाकारची प्रयोगशाळा

सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी दियोप मायदेशी परतले. डाकार विद्यापीठात त्यांना अध्यापनाचे पद मिळाले नाही. त्यांची नेमणूक विद्यापीठाला जोडलेल्या, ‘इफान’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेत झाली. निसर्गवैज्ञानिक तेओदोर मोनो हे तिचे संस्थापक-संचालक होते. पदवीची श्रेणी हे अध्यापन नाकारण्याचे औपचारिक कारण होते. राष्ट्राध्यक्ष लेओपोल्द सेदार सेंघोर यांच्याशी असलेला राजकीय विरोधही त्यामागे होता, असे त्यांच्या चरित्रकारांचे मत आहे. विद्यापीठाच्या आवारात संशोधक म्हणून रोज यायचे, पण वर्गात पाऊल टाकायचे नाही, अशी ही व्यवस्था होती.

तेथे त्यांनी रेडिओकार्बन प्रयोगशाळा उभारण्याचे काम हाती घेतले. सजीव प्राणी व वनस्पती वातावरणातील कार्बन सतत ग्रहण करीत असतात आणि त्या कार्बनमध्ये कार्बन-१४ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा अत्यल्प अंश असतो. सजीव मृत झाला की नवा कार्बन येणे थांबते आणि साठलेला कार्बन-१४ क्षय पावत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. म्हणून एखाद्या कोळशाच्या तुकड्यात, हाडात किंवा शिंपल्यात तो किती उरला आहे हे मोजले तर त्या वस्तूचे वय सांगता येते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत विकसित केली आणि १९६० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्व सोपे असले तरी काम किचकट आहे. नमुना आधी परका कार्बन काढून शुद्ध करावा लागतो. मग त्याचे रासायनिक रूपांतर करून अत्यंत क्षीण किरणोत्सर्ग कित्येक तास मोजावा लागतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांनी मोजणी बिघडू नये म्हणून यंत्राभोवती जाड कवच ठेवावे लागते. समुद्रकाठच्या दमट व उष्ण हवेत, सुटे भाग फ्रान्सहून येईपर्यंत वाट पाहत, हे सर्व उभे करायचे होते. फ्रान्सच्या साक्ले येथील अणुसंशोधन केंद्राच्या तज्ज्ञांचे साहाय्य त्यांना लाभले. १९६६ च्या सुमारास प्रयोगशाळा पूर्ण होऊन काम करू लागली.

दियोप यांना या यंत्राची गरज का वाटली, हे समजून घेण्यासारखे आहे. पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासाची साधने म्हणजे अरबी प्रवाशांची वर्णने, वंशगायकांनी पिढ्यानपिढ्या जपलेली मौखिक परंपरा आणि जमिनीखालचे अवशेष. यांतील मौखिक परंपरेला तारीख नसते, म्हणून तिला इतिहासाचा दर्जा नाही, असे म्हटले जाई. अवशेषांची तारीख आफ्रिकेतच काढता आली तर या आक्षेपातील हवा निघून जाणार होती. त्यांच्या प्रयोगशाळेतील कालनिर्णय आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून ‘डाक’ या सांकेतिक नावाने प्रसिद्ध होऊ लागले. प्रयोगशाळेच्या रचनेवर आणि अणुभौतिकीच्या आधारे कालमापन करण्याच्या पद्धतींवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकेही लिहिली. ती आता फारशी कोणी वाचत नाही. त्यांचा वादग्रस्त इतिहाससिद्धान्त जगभर गाजला आणि शांतपणे केलेले हे प्रयोगशाळेतील काम त्यामागे झाकले गेले.

१९६६ चा सन्मान

एप्रिल १९६६ मध्ये डाकार येथे पहिला जागतिक कृष्णवर्णीय कला महोत्सव भरला. कवी असलेले राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांची ती कल्पना होती आणि युनेस्कोचे तिला पाठबळ होते. संगीतकार ड्यूक एलिंग्टन आणि कवी लँगस्टन ह्यूज यांच्यासारखे कलावंत त्यासाठी आले. नव्या राष्ट्राने आफ्रिकी प्रतिभेचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर गौरव करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि म्हणून कोणाला गौरवायचे हा प्रश्न नाजूक होता. या महोत्सवात काव्याचा पुरस्कार जाहीर झालेले नायजेरियाचे कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो यांनी तो नाकारला. वर्णावरून कलेचे कप्पे करणे त्यांना मान्य नव्हते.

दियोप यांचे नाव आले ते प्रभावशाली लेखकाच्या पुरस्कारासाठी. सहमानकरी ड्यू बॉइस तीन वर्षांपूर्वी घानातील आक्रा येथे वारले होते, म्हणजे जिवंत मानकरी एकटे दियोपच होते. या निवडीतला पेच डाकारमधील प्रत्येकाला ठाऊक होता. दियोप यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या विरोधी पक्षावर १९६३ मध्ये बंदी आली होती. १९६२ मध्ये त्यांना अटक होऊन सुमारे महिनाभर द्युर्बेलच्या तुरुंगात राहावे लागले होते. त्यांनी काढलेला दुसरा पक्षही १९६४ मध्ये विसर्जित करण्यात आला होता. दरम्यान सत्ताधाऱ्यांनी देऊ केलेली मंत्रिपदे त्यांनी नाकारली होती. अशा माणसाला त्याच राज्यात भरलेल्या महोत्सवाचा सर्वोच्च वैचारिक सन्मान मिळाला. दियोप यांनी तो स्वीकारला. महोत्सव संपल्यावर ते आपल्या प्रयोगशाळेत परतले. अध्यापनाचे पद त्यानंतरही आले नाही.

त्यांचा आणि सेंघोर यांचा मतभेद केवळ सत्तेचा नव्हता. सेंघोर हे नेग्रित्यूद या विचाराचे प्रवक्ते होते. भावना हे आफ्रिकी मनाचे आणि तर्कबुद्धी हे ग्रीक मनाचे वैशिष्ट्य आहे, अशी त्यांची मांडणी होती. दियोप यांना ही वाटणी मुळातच अमान्य होती. भूमिती, खगोल आणि वैद्यक यांचा प्राचीन वारसा आफ्रिकेचाच आहे असे ते मानत असल्याने तर्कबुद्धी दुसऱ्याच्या पदरात टाकून भावनेवर समाधान मानण्याची त्यांची तयारी नव्हती. एका बाजूला फ्रेंच भाषेवर प्रेम करणारा कवी आणि दुसऱ्या बाजूला वोलोफमधून भौतिकशास्त्र लिहू पाहणारा शास्त्रज्ञ, असा हा सामना दोन दशके चालला. सेंघोर यांच्या सहिष्णुतेचाही येथे उल्लेख करायला हवा. आसपासच्या अनेक देशांत अशा विरोधकाचे प्राण वाचले नसते. डाकारमध्ये तो प्रयोगशाळेत काम करू शकत होता, ग्रंथ लिहू शकत होता.

कैरो परिषद

युनेस्कोने आफ्रिकेचा बृहद् इतिहास अनेक खंडांत सिद्ध करण्याची योजना आखली तेव्हा तिच्या शास्त्रीय समितीत दियोप यांचा समावेश झाला. इजिप्तच्या प्राचीन लोकवस्तीचा प्रश्न तज्ज्ञांनी समोरासमोर बसून चर्चिल्याशिवाय खंडातील मजकूर ठरवू नये, असा आग्रह त्यांनी धरला. त्यानुसार २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी १९७४ या काळात कैरो येथे परिषद झाली. जाँ व्हेर्कूतेर, सेर्ज सोनरों यांच्यासारखे मान्यवर इजिप्तशास्त्रज्ञ तिला उपस्थित होते. दियोप यांच्या बाजूने काँगोचे तरुण भाषाभ्यासक तेओफिल ओबेंगा होते. दियोप यांनी ग्रीक साधने, शिल्पे, भाषिक पुरावे आणि पॅरिसमधील ममींच्या त्वचेच्या सूक्ष्म नमुन्यांवर केलेल्या मेलॅनिन रंगद्रव्याच्या चाचण्या मांडल्या.

परिषदेत एकमत झाले नाही. प्राचीन इजिप्तची लोकसंख्या मिश्र होती, असे बहुतेक तज्ज्ञांचे म्हणणे कायम राहिले. तथापि दियोप व ओबेंगा यांनी केलेल्या तयारीच्या तोलाची तयारी इतरांनी केली नव्हती आणि त्यामुळे चर्चा असमतोल झाली, अशी नोंद परिषदेच्या अधिकृत अहवालातच आहे. भाषिक तुलनेचा भाग विरोधकांनाही विचारार्ह वाटला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडातील पहिले प्रकरण दियोप यांनी लिहिले. संपादकांनी त्यासोबत मतभेदाची टीप जोडली आणि परिषदेचा वृत्तान्तही छापला. १९५१ मध्ये ज्या विषयाला परीक्षक मिळत नव्हते, त्याला तीस वर्षांनी एवढी जागा मिळाली.

भाषा, पक्ष आणि एका जोडाक्षराचे प्रकरण

१९७५ मध्ये दियोप यांनी आफ्रिकेत विज्ञान कसे रुजवावे या विषयावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात संच सिद्धान्त, सापेक्षता आणि पुंजभौतिकी या विषयांचा मजकूर वोलोफमध्ये आणला होता. मुलाला आधी परकी भाषा शिकायची आणि मग तिच्यातून विज्ञान, या दुहेरी ओझ्यात आफ्रिकेची बुद्धी वाया जाते, हा त्यांचा मुद्दा होता. मातृभाषेतून विज्ञानशिक्षण आणि परिभाषानिर्मिती यांविषयीचे वाद ज्यांनी ऐकले आहेत अशा मराठी वाचकाला यातील काहीच अपरिचित वाटणार नाही.

१९७६ मध्ये सेनेगलमध्ये मर्यादित बहुपक्षीय व्यवस्था आली. कायद्याने तीनच विचारसरणींचे तीन पक्ष मान्य केले. दियोप यांनी त्याच वर्षी राष्ट्रीय लोकशाही संघटन हा पक्ष काढला, पण ठरवून दिलेले लेबल लावून घेण्यास नकार दिल्याने त्याला मान्यता मिळाली नाही. पक्षाच्या मुखपत्राचे नाव ‘सिग्गी’ होते. मान ताठ करणे असा त्याचा अर्थ. सरकारने वोलोफ लेखनाचे नियम हुकमाने ठरवले होते आणि त्यांनुसार या शब्दात एकच ‘ग’ हवा होता. वोलोफमध्ये व्यंजन दुहेरी केले की शब्दाचा अर्थ बदलू शकतो, जसा मराठीत खडा आणि खड्डा यांत बदलतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दियोप यांची बाजू भक्कम होती. त्यांनी चुकीचे लेखन छापण्याऐवजी पत्राचे नावच बदलून ‘तखाव’, म्हणजे उभे राहा, असे केले. चित्रपट दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांच्या ‘चेड्डो’ या चित्रपटावरील बंदीलाही नावातील दुहेरी व्यंजनाचेच कारण देण्यात आले होते. शुद्धलेखनाचे नियम सत्तेच्या हाती गेल्यावर काय होते, याचे हे अस्सल उदाहरण होय.

उत्तरायुष्य

१९८० च्या अखेरीस सेंघोर स्वेच्छेने पायउतार झाले आणि अब्दू दियूफ राष्ट्राध्यक्ष झाले. १९८१ मध्ये दियोप यांच्या पक्षाला मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी डाकार विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूकही झाली. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. ‘सिव्हिलिझासिआँ ऊ बार्बारी’ (संस्कृती की रानटीपणा) हा त्यांचा अखेरचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी आला. वर्गात बसून त्यांच्याकडून इजिप्तची चित्रलिपी शिकलेले विद्यार्थी अवघ्या काही वर्षांतले आहेत. वीस वर्षे शिकवू दिले असते तर किती पिढ्या तयार झाल्या असत्या, ही खंत सेनेगलमध्ये पुढे अनेकांनी व्यक्त केली. दरम्यान आफ्रिकेतील इतर देशांतूनही सन्मान आले. झैर, म्हणजे आजचे काँगो लोकसत्ताक, येथे १९८० च्या सुमारास आफ्रिकी वैज्ञानिक संशोधनाबद्दल त्यांचा गौरव झाला.

१९८३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एक जागा मिळाली आणि ते निवडून आले. निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे सांगून त्यांनी संसदेत बसण्यास नकार दिला. त्याच वर्षी सेंघोर यांची फ्रेंच अकादमीवर निवड झाली. १९८५ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहराने दियोप यांना निमंत्रित करून त्यांचा जाहीर सत्कार केला. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत त्यांचे ग्रंथ मर्सर कुक यांच्या १९७४ मधील इंग्रजी अनुवादामुळे आधीच पोहोचले होते. जानेवारी १९८६ मध्ये ते कॅमेरूनमधील याउंदे येथे व्याख्यानासाठी गेले. परतल्यावर काही आठवड्यांतच, ७ फेब्रुवारी रोजी, डाकार येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांना जन्मगावी चेयतू येथे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

दियोप यांच्या सिद्धान्तावर झालेली टीका गंभीर आहे. प्राचीन समाजांना वर्णाच्या आधुनिक कसोट्या लावणे योग्य नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तरेकडील पितृसत्ताक व दक्षिणेकडील मातृसत्ताक असे मानवी संस्कृतीचे दोन पाळणे मानणारी त्यांची मांडणी फारच ढोबळ आहे. इजिप्शियन व वोलोफ यांच्या तुलनेत मधल्या भाषांच्या इतिहासाकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असा भाषाशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या जुन्या कल्पनेला विरोध करताना तिचेच काही शब्द त्यांनी उसने घेतले, हेही नाकारता येत नाही. मात्र इजिप्तला आफ्रिका खंडाच्या संदर्भात पाहिले पाहिजे, नाईलच्या खोऱ्याचा नुबियाशी व सहाराशी असलेला संबंध तपासला पाहिजे, ही दृष्टी आज सर्वमान्य झाली आहे आणि तिच्यामागे त्यांचा रेटा होता. आफ्रिकेचे संघराज्य, त्याची सामाईक भाषा आणि जलविद्युत व सौरऊर्जा यांवर आधारलेले औद्योगिकीकरण यांविषयी त्यांनी १९६० मध्ये लिहिलेले पुस्तक राजकारण्यांपेक्षा तरुण अभियंत्यांनी अधिक वाचले.

३० मार्च १९८७ रोजी डाकार विद्यापीठाचे नामकरण शेख अंता दियोप विद्यापीठ असे झाले. इफान संस्था आणि तिच्यातील प्रयोगशाळा यांनाही त्यांचे नाव आहे. त्यांच्या पश्चात ही प्रयोगशाळा यंत्रसामग्री व निधी यांच्या अभावी अनेक वर्षे बंद होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती दुरुस्त करून पुन्हा सुरू करण्यात आली. चेयतू येथील त्यांची समाधी सेनेगलच्या संरक्षित वारसास्थळांत मोडते आणि दरवर्षी फेब्रुवारीत डाकारहून विद्यार्थी तेथे जातात.